मूत्रपिंडातील एंझाइमे : उंदराची साक्ष आणि कुत्र्याची



बोकडाचा गुर्दा उभा चिरला तर बाहेर तांबूस साल आणि आत निराळ्या छटेचा गर दिसतो. ही केवळ रंगाची गंमत नव्हे. मूत्रपिंडात लाखो नलिका असतात; प्रत्येक नलिकेच्या टप्प्याटप्प्यावर काम निराळे, म्हणून एंझाइमेही निराळी. आणि ही वाटणी सर्व सस्तन प्राण्यांत सारखी नसते. त्यांतील एकाच एंझाइमाची हकीकत आज आम्ही सांगणार आहोत.

खाल्लेल्या अन्नापासून शरीरात रोज थोडेफार अम्ल उरते. ते लघवीवाटे घालवण्यास मदत होते अमोनियाची. १९४३ साली व्हॅन स्लाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवले की, या अमोनियाचा मोठा भाग रक्तातल्या ग्लुटामिनपासून येतो. ग्लुटामिन फोडणारे एंझाइम ते ग्लुटामिनेज.

१९५२ साली डेव्हिस आणि युडकिन यांना आढळले की, उंदराच्या अंगात अम्ल वाढले की मूत्रपिंडातले ग्लुटामिनेजही वाढते. हिशेब कसा चोख जमला! पण १९५९ साली रेक्टर आणि ऑर्लॉफ यांनी कुत्र्यांना अमोनियम क्लोराइड दिले. अमोनिया वाढला, एंझाइमात मात्र त्यांना फरक दिसला नाही. कुत्र्याचे मूत्रपिंड रक्तातून ग्लुटामिनच अधिक ओढून घेते.

मग उंदराची साक्ष खोटी काय? मुळीच नाही. उलट ती अधिक बारकाईने तपासली गेली. १९७३ साली कर्थॉइज आणि लॉरी यांनी उंदराच्या मूत्रपिंडाच्या चकत्या गोठवून वाळवल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली नलिकेचा एकेक तुकडा अलग काढून मोजला. (या कामाला लागणारी चिकाटी आमच्या अंगी नाही, हे कबूल करतो!) अम्ल वाढल्यावर नलिकेच्या सुरुवातीच्या वळणदार भागात ग्लुटामिनेज सुमारे वीसपट झाले होते. सगळे मूत्रपिंड एकत्र वाटून मोजले असते तर ही वाढ कोठे झाली हे कळलेच नसते.

आता माणसाकडे येऊ. अम्ल वाढले तर आपलेही मूत्रपिंड काही दिवसांत अमोनिया वाढवते. पण तेवढ्यावरून उंदराचा वीसपटीचा आकडा रोग्याला लावणे आम्हांस उतावीळपणाचे वाटते. ज्याच्या पुष्कळ नलिका निकामी झाल्या, त्याच्या उरलेल्या नलिका प्रत्येकी जास्त राबतात; तरीही एकूण अमोनिया कमी पडतो, रक्तात अम्ल साठते, आणि डॉक्टर त्याला साध्या सोडा बायकार्बच्या गोळ्या देतात.