मळी, भट्टी आणि मजूर



मद्याची तरफदारी करण्यास आम्ही उभे नाही. दारूने बुडालेले संसार आम्ही कामगारवस्तीत पुष्कळ पाहिले आहेत. परंतु बाजारातील प्रत्येक वस्तूमागे कोणाचे श्रम आहेत हे पाहण्याची आम्हांला सवय. म्हणून आज रमविषयी बोलू.

उसाचा रस आटवून साखर काढली की मळी उरते. सतराव्या शतकात बार्बाडोससारख्या वेस्ट इंडीज बेटांवर ह्याच मळीपासून रम होऊ लागली. मळीत पाणी घालून ती आंबवतात. यीस्ट साखरेचा मद्यार्क करते. मग भट्टी. मद्यार्क ७८ अंशांवर उकळतो, पाणी १०० वर. म्हणून आधी निघणाऱ्या वाफेत मद्यार्क अधिक. ती वाफ थंड केली की रम तयार.

प्रकार पडतात ते येथून पुढे. जमैकात पुष्कळ दिवस आंबवून तांब्याच्या हंड्यात गाळतात. तिचा वास उग्र. क्यूबात उंच स्तंभयंत्रातून काढतात, ती हलकी. मार्टिनीकमध्ये मळीऐवजी ताजा रसच आंबवतात. ओकच्या पिंपात मुरली की रंग चढतो. पण कित्येकदा तो जळक्या साखरेचाही असतो. काळी तेवढी जुनी, असे समजू नये. उलट, मुरलेली रम कोळशातून गाळून पांढरीही करतात.

आता श्रमांचा हिशेब. हा ऊस आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांनी तोडला. ब्रिटिश वसाहतींत १८३४ साली गुलामगिरी कायद्याने संपली, तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई ठरली. ती कोणाला? मालकांना! गुलामाला एक पैसाही नाही. उलट १८३८ पर्यंत त्याच मालकाकडे सक्तीची उमेदवारी. आणि त्याच १८३८ साली कलकत्त्याहून आपले मजूर करारावर ब्रिटिश गियानात उतरले. ज्या डेमरारा रमचे नाव जगभर झाले, तिच्या उसाला त्यांचाही घाम लागला आहे.

पुढे १९३८ साली जमैकातील फ्रोम येथे साखर कामगारांनी दिवसाला एक डॉलर मजुरी मागितली. पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. पण चळवळ दबली नाही. बेटभर संघटना उभ्या राहिल्या आणि १९४४ मध्ये तेथे प्रौढ मताधिकार आला.

रम किती वर्षे मुरली ते बाटलीवर छापतात. ऊसतोड्या किती वर्षे राबला ते कोणी छापत नाही. ती नोंद ठेवणे संघटनेचे काम आहे. आपल्याही साखर कारखान्यांतून मळी निघते, आणि आपल्याही फडात ऊसतोड्या आहे, एवढे लक्षात ठेवावे, ही विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.