छळछावणीचा पुरावा



जळगावला येताना वाटेत धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात तासभर थांबलो. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यासच वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने हे मंडळ उभे राहिले. ऐकीव गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता. अस्सल कागद दाखवा, तो कोणाच्या दप्तरात सापडला ते सांगा, मग बोलू, असा त्यांचा खाक्या. आजचा माझा विषय युरोपातला. पण प्रश्न मुळात हाच आहे.

१९१७ साली, पहिले महायुद्ध चालू असता, जर्मन लोक आपल्याच सैनिकांची प्रेते कारखान्यात नेऊन चरबी काढतात, अशी बातमी इंग्रजी वृत्तपत्रांनी छापली. १९२५ साली ती निराधार असल्याचे ब्रिटिश सरकारला पार्लमेंटात मान्य करावे लागले. ‘लांडगा आला रे’ म्हणणाऱ्या पोराची गोष्ट आपण सारे जाणतो. जुलै १९४४ मध्ये रशियन फौजा पोलंडात मायदानेक येथे पोचल्या आणि तेथे खरोखरीचा लांडगा सापडला. अलेक्झांडर वर्थ या बातमीदाराने तिथले वृत्त धाडले, तर बीबीसीने ते रशियन प्रचार समजून घेतले नाही, असे त्यानेच पुढे नमूद केले आहे. एकदा खोटे बोलल्याची किंमत अशी भलत्यालाच मोजावी लागते.

म्हणून १२ एप्रिल १९४५ चा दिवस मला महत्त्वाचा वाटतो. त्या दिवशी सरसेनापती आयझेनहॉवर ओरड्रुफची छावणी पाहायला गेले. ती आठवडाभर आधीच अमेरिकन फौजेच्या हाती आली होती. सेनापतीचे तेथे लष्करी काम काही नव्हते. एका खोलीत उपासमारीने मेलेल्यांची प्रेते रचून ठेवली होती. पॅटनसारखा कडवा सेनानी आत शिरू शकला नाही. आयझेनहॉवर मात्र शिरले. पुढे कोणी हा नुसता प्रचार होता असे म्हणू लागला, तर आपल्याला डोळ्यांनी पाहिलेले सांगता यावे म्हणून मुद्दाम गेलो, असे त्यांनी वरिष्ठांना कळवले. लोकप्रतिनिधी आणि संपादक यांनाही बोलावून घ्या, असा आग्रह धरला. युद्ध अजून संपले नव्हते, आणि हा गृहस्थ पुढच्या पिढीतल्या संशयखोराला उत्तर तयार करीत होता!

तीन दिवसांनी इंग्रजी फौज बेर्गेन-बेल्सेनला पोचली. तेथे सुमारे साठ हजार माणसे जिवंत होती आणि हजारो प्रेते उघड्यावर पडली होती. टायफसची साथ होती. सुटका झाल्यानंतरही तेरा हजारांच्या आसपास माणसे दगावली. साथ आवरण्यासाठी बराकी जाळून टाकणे भाग पडले. म्हणजे पाहा, जिवंतांना वाचवायचे तर पुरावाच जाळायचा! मग मागे राहिले काय? लष्कराच्या कॅमेऱ्यांनी टिपले तेवढे. त्या चित्रणाचा बोलपट करण्याचे काम सिडने बर्नस्टीन यांच्याकडे होते. त्यांना हिचकॉकने (होय, तोच रहस्यपटांचा दिग्दर्शक) सल्ला दिला की दृश्ये लांबलचक ठेवा, मध्ये तोडू नका; जोडकाम दिसले की लोक शंका घेतील. रहस्य रचण्यात ज्याची हयात गेली त्याला लबाडी कुठे होते हे अचूक ठाऊक! तो बोलपट मात्र राजकारण पालटल्यामुळे अपुराच डब्यात पडला. पूर्ण होऊन लोकांपुढे यायला २०१४ साल उजाडले.

न्युरेंबर्गच्या न्यायालयात २९ नोव्हेंबर १९४५ रोजी दुसरा, अमेरिकनांनी केलेला, सुमारे तासाभराचा चित्रपट दाखवला गेला. त्याच्या आरंभी प्रतिज्ञापत्रे होती : या चित्रणात काही फेरफार केलेला नाही. राजवाड्यांना हे पसंत पडले असते.

आता जरा आपल्या मुलखाकडे वळू. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुले. यांतल्या बहुतेकांना १९४० पासून रशियाने घरादारातून उचलून सैबेरियाकडे आणि इतरत्र नेऊन टाकले होते. जर्मनीने रशियावर स्वारी केली तेव्हा, १९४१ च्या करारान्वये, त्यांची सुटका झाली. इराणमार्गे ती आपल्याकडे आली. त्यांच्या छावण्यांत कोणतीही परकी फौज शिरली नाही, कोणी कॅमेरा नेला नाही. पुरावा काय तो त्यांच्या तोंडी! पोलिश अधिकाऱ्यांनी सुटून आलेल्या हजारो लोकांकडून जबान्या लिहून घेतल्या, शाळकरी पोरांकडूनही. त्या कागदांचा मोठा साठा अमेरिकेत स्टॅनफर्डच्या हूव्हर संस्थेत आहे.

परंतु न्युरेंबर्गला रशिया न्यायासनावर बसला होता. तेव्हा हे कागद तेथे कोण वाचणार? उलट कातिनच्या जंगलातली पोलिश अधिकाऱ्यांची कत्तल रशियाने जर्मनांच्या माथी मारू पाहिली. ते शाबीत झाले नाही. निकालपत्रात कातिनचा उल्लेखच आला नाही. सोव्हिएत सरकारने स्वतःची जबाबदारी कबूल केली ती १९९० साली. जेत्याच्या हातचा पुरावाही उलटतपासणीवाचून घेऊ नये, हे मी त्यावरून म्हणतो. बेल्सेनचे चित्रण खरे, ते ती तपासणी सोसून टिकले म्हणून.

पोलिश लोक गेल्यावर वळिवड्याच्या त्या बराकींत फाळणीतून आलेले सिंधी बांधव राहू लागले. तेच आजचे गांधीनगर. कापडाच्या खरेदीसाठी तुमच्यापैकी कोणी तेथे गेलेही असतील. येथे जळगावातही सिंधी कॉलनी आहे. १९४७ साली दहा-बारा वर्षांची असलेली जी माणसे आज हयात आहेत, ती नव्वदीच्या घरात आहेत. आपल्यापैकी कोणी त्यांच्यापाशी वही घेऊन बसले आहे काय?