उंटिणीचे दूध आणि आपली म्हैस

(जोयडा येथे दिलेले व्याख्यान)



आपल्या जोयडा तालुक्यात उंट नाही, आणि येथील पाऊस व निसरड्या डोंगरवाटा पाहता तो येणारही नाही. उंटिणीच्या दुधाची भुकटी मात्र आता घरबसल्या मागवता येते. मधुमेहावर ती रामबाण आहे असेही ऐकू येते. म्हणून हा विषय आम्ही आपल्यापुढे ठेवीत आहोत.

दुधातील प्रथिने मुख्यतः दोन प्रकारची. दूध नासले की जो चोथा बसतो तो केसीनचा. वरच्या निवळीत उरतात ती दुसरी. शंभर भाग दुधात उंटिणीची प्रथिने सुमारे तीन भाग, गाईची सव्वातीन, तर म्हशीची चाराच्या आसपास. तेव्हा प्रमाणात आपली म्हैस उणी नाही. भेद आहे तो प्रथिनांच्या जातीत.

गाई-म्हशींच्या निवळीत बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन नावाचे प्रथिन असते. आईच्या दुधात ते नसते, उंटिणीच्याही नसते. गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या काही मुलांना उंटिणीचे दूध सोसते, त्याचे हे एक कारण. तरी हा प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावा. तान्ह्या बाळाला तर आईच्या दुधाऐवजी हे दूध देऊच नये. ज्यांना दुधातील साखर पचत नाही, त्यांची सुटकाही यात नाही, कारण ती साखर याही दुधात आहे.

दही घट्ट बसण्यास कॅपा-केसीन लागते. गाईच्या केसीनमध्ये ते शेकडा तेराच्या आसपास, उंटिणीच्या अवघे साडेतीन. आमच्या गवळी धनगर भगिनींना हे दूध विरजायला दिले, तर त्या कपाळाला हात लावतील!

आता मधुमेह. उंटिणीचे दूध पिणाऱ्या राजस्थानातील राईका लोकांत मधुमेह आढळला नाही, असे बिकानेरच्या डॉक्टरांनी २००७ साली प्रसिद्ध केले. पण दिवसभर कळपामागे चालणाऱ्या माणसाच्या प्रकृतीचे सारे श्रेय एकट्या दुधाला कसे द्यावे? त्यांनी थोड्या रोग्यांवर प्रयोगही केले. रोज अर्धा लिटर दूध घेणाऱ्यांना इन्शुलिन कमी लागले. मात्र ध्यानात ठेवा, दूध इन्शुलिनच्या जोडीला दिले होते, त्याच्या जागी नव्हे. ज्यांच्या शरीरात इन्शुलिन तयारच होत नाही, त्यांनी सुई बंद केली तर काही दिवसांतच प्राणावर बेतते. दुधाच्या भरवशावर औषध सोडू नका, एवढे एकच वाक्य आपण घरी नेलेत तरी आमचे बोलणे सार्थकी लागले.

कच्चे दूध गुणकारी, हाही समज घातक आहे. त्यातून ब्रुसेलोसिसचा ताप येऊ शकतो. उकळल्याने निवळीतील काही प्रथिनांचे रूप बदलते खरे, पण त्या भयाने रोग ओढवून घेण्यात शहाणपण नाही.

उंटाचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. कच्छ-राजस्थानच्या रखरखीत मुलखात तो माणसाचा सांभाळ करतो. आपल्या रानात तेच काम म्हशीने केले. तिच्या लोण्या-दुधावर गवळीवाडे जगले. २०२१ साली शेजारच्या धारवाडी म्हशीची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद झाली, ही आनंदाची गोष्ट होय. निरोगी मुलाच्या पोषणासाठी दूरची महाग भुकटी घेण्यापेक्षा तो पैसा गवळीवाड्यातील ताज्या, उकळलेल्या दुधाला लागावा. त्यात मुलाचेही हित आहे आणि शेजाऱ्याचेही.