सात-बारा पाहता, तशी मतदार यादी पाहा

(जिल्हा बैठकीच्या दुसऱ्या सत्रात झालेले भाषण)



सकाळपासून आपण कांद्याच्या भावावर आणि विजेच्या बिलावर बोललो. माझ्या वाट्याला विषय आला आहे तो कोरडा. मतदार यादी.

आधी एक विचारतो. या वर्षी आपला सात-बारा कोणी कोणी पाहिला? हात वर करा. जवळजवळ सगळेच. आता सांगा, मतदार यादीत स्वतःचे नाव कोणी पाहिले? सात-आठ हात दिसतात. मायबहिणींच्या बाजूला तर एकही नाही.

मी तुम्हाला नावे ठेवायला उभा नाही. माझीच गोष्ट सांगतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आमच्या वॉर्डात दोन उमेदवारांना सारखी मते पडली. चिठ्ठी टाकली, आपला माणूस पडला. त्या दिवशी माझी सून घरात भाकरी थापत होती. लग्नाला तीन वर्षे झाली तरी तिचे नाव माहेरच्याच यादीत होते. दोष ना सुनेचा, ना कचेरीचा. दोष माझा. लग्नातल्या पाहुण्यांची यादी मी चार वेळा तपासली होती, ही यादी एकदाही नाही.

एक मत म्हणजे काय, असे कोणी म्हणाले तर २०२४ च्या विधानसभेचा निकाल दाखवा. साकोलीचा निकाल २०८ मतांनी लागला, मालेगाव मध्यचा १६२ मतांनी. एवढी माणसे तर आपल्या गावच्या दोन आळ्यांत निघतात.

आता कामाचे ऐका.

पहिली गोष्ट. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद यांच्यासाठी वेगळी नावनोंदणी नसते. विधानसभेची यादी असते तीच घेऊन राज्य निवडणूक आयोग तिचे वॉर्ड, गण आणि गट पाडतो. त्यासाठी एक तारीख धरतात. २०२५ च्या स्थानिक निवडणुकांसाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. त्यानंतर ज्याने नाव घातले, तो अठराचा असो की ऐंशीचा, त्या निवडणुकीपुरता बाहेर. प्रारूप यादी लागली की हरकत घेता येते. पण ती वॉर्ड चुकला, नाव लिहिताना चूक झाली, विधानसभेच्या यादीत असलेले नाव सुटले, एवढ्यापुरती. नवे नाव तिथे घालता येत नाही. निवडणूक जाहीर झाल्यावर धावणारा म्हणजे पाऊस उघडल्यावर पेरायला निघालेला शेतकरी.

सोसायटीची आणि साखर कारखान्याची यादी सभासदांची असते. तिथे नाव आहे म्हणून इथे आहे असे समजू नका.

दुसरी गोष्ट, अर्ज. नवे नाव घालायचे तर नमुना ६. पत्ता बदलला किंवा नाव-वय चुकले तर नमुना ८. मयत किंवा कायमचे गाव सोडून गेलेल्याचे नाव काढायचे तर नमुना ७. नमुना ६ ला फोटो, वयाचा आणि राहण्याचा पुरावा लागतो. अर्ज गावच्या बीएलओकडे द्या. बहुधा शाळेतले गुरुजी किंवा अंगणवाडीताई ते काम पाहतात. तहसील कचेरीतही चालतो, मोबाईलवरूनही भरता येतो. पोच घेतल्याशिवाय हलू नका. अडले तर १९५० या नंबरवर फोन करा. अर्ज नाकारला तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते.

पोरे अठराची होण्याची तारीख आता वर्षातून चार वेळा धरतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्यालाही आगाऊ अर्ज देता येतो.

तिसरी गोष्ट, नाव कुठे? जिथे आपण राहतो तिथे, आणि एकाच ठिकाणी. गावात जमीन आहे, घर आहे, एवढ्यावर नाव राहत नाही. उतारा पुरावा म्हणून जोडता येतो, पण पुण्यात बिऱ्हाड थाटलेल्या मुलाचे नाव त्याने गावी टिकत नाही. उलट, ऊसतोडीला चार-पाच महिने गेलेल्या माणसाचे नाव गावातून काढता येत नाही. थोड्या दिवसांसाठी बाहेर गेल्याने गावचे राहणे सुटत नाही, असे कायदाच सांगतो. अशा कोणाच्या नावावर नमुना ७ आला तर गप्प बसू नका, लेखी हरकत द्या.

मायबहिणींनो, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५१-५२ साली, देशातल्या सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून गळाली. का? त्यांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई असे सांगितले. आज नाव सांगायला कोणी लाजत नाही. पण लग्न झालेल्या लेकीचे नाव इथे आणि सुनेचे नाव तिथे, हे घराघरात चालू आहे. त्यात दोघींचीही मते बुडतात.

चौथी गोष्ट, मतदानाचा दिवस. हातात कार्ड आहे पण यादीत नाव नाही, तर मत नाही. नाव आहे आणि कार्ड हरवले, तर आधार, रोजगार हमीचे जॉबकार्ड, फोटो असलेले बँकेचे पासबुक चालते. वेळ संपताना जो रांगेत उभा आहे त्याला मत देता येते. घरी परतू नका. विधानसभेला आपल्या नावावर कोणी आधीच मत टाकून गेला असेल तर भांडत बसू नका. केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मत मागा, तो तुमचा हक्क आहे. जिल्हा परिषदेला मते दोन, एक गटाचे आणि एक गणाचे. ग्रामपंचायतीला सरपंचाचे एक आणि वॉर्डात जेवढ्या जागा तेवढी. एकच बटण दाबून बाहेर येऊ नका.

मत कोणाला द्यायचे ते मी सांगणार नाही. तुम्ही शहाणे आहात. पण भाव मागायला ज्याच्या दारात जाता, त्याला निवडताना आपण यादीतच नसलो तर मागायचे कोणत्या तोंडाने?

आज गावी गेल्यावर एवढेच करा. घरातल्या सगळ्यांची नावे यादीत शोधा. मग शेजारच्या पाच घरांची. पुढच्या बैठकीला येताना किती अर्ज भरले, किती पोचा मिळाल्या, ते लिहून आणा. मीही आणीन. त्यात पहिली पोच माझ्या सुनेची असेल.