काळा रंग धरत का नाही?



आमच्या चिंताकीत, म्हणजे औराद तालुक्यातल्या या मराठी-कानडी मुलखात, घरापुढे उभ्या असलेल्या गाड्या नीट बघा. बंपर, आरशांची कव्हरं, दाराच्या पट्ट्या उन्हानं पांढुरक्या पडलेल्या दिसतील. मग माणूस बिदरहून काळ्या स्प्रेचा डबा आणतो आणि रविवारी अंगणात बसून तासाभरात काम उरकतो. पंधरा दिवसांनी गाडी धुताना रंगाचा पापुद्रा नखाला लागून निघतो. "डबाच बोगस होता," असं आपण म्हणतो. मीही तेच म्हणालो होतो. पण डबा चांगला होता. मी बंपर रॉकेलनं पुसला होता आणि रॉकेल मागे तेलाचा थर सोडतं.

काळ्या रंगाबाबत आपल्या बिदरला शिकवायची गरज नाही. बिदरीचा कारागीर जस्त-तांब्याचं भांडं आधी कानशीनं, मग पॉलिशपेपरनं घासून गुळगुळीत करतो. मोरचूद लावून ते तात्पुरतं काळं करतो, त्यावर नक्षी कोरतो, चांदी बसवतो आणि शेवटी किल्ल्यातली माती व नवसागर लावून धातूलाच कायमचं काळं करतो. 2023 साली पद्मश्री मिळालेले शाह रशीद अहमद कादरी याच कलेतले. बिदरीचा काळा रंग धातूतच तयार होतो. आपला काळा रंग मात्र वरून बसवायचा असतो, म्हणून त्याला धरायला जागा करून द्यावी लागते.

बंपर काढून त्याची मागची बाजू बघा. तिथं बहुतेक वेळा बारीक उठावाच्या अक्षरांत 'पीपी' असं लिहिलेलं असतं. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. या प्लास्टिकला साधा रंग चिकटतच नाही. साबणाच्या पाण्यानं धुवा, वाळवा, 600 नंबरच्या वॉटर पेपरनं चमक जाईपर्यंत घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा आणि मग खास प्लास्टिकसाठीच्या प्रायमरचा पातळ हात द्या. थिनर चोळू नका. काही प्लास्टिक त्यानं मऊ पडतं.

रंग मारताना जागोजागी गोल खळगे पडले, माशाच्या डोळ्यासारखे, तर त्यामागे बहुतेक वेळा सिलिकॉन असतं. टायर आणि डॅशबोर्ड चमकवायच्या पॉलिशमध्ये ते बऱ्याचदा असतं. अशा खळग्यांवर आणखी रंग मारून ते बुजत नाहीत. सगळा रंग काढून पुन्हा धुवावं लागतं. याला तोड नाही.

ओघळ आले तर डबा फार जवळ धरला किंवा हात रेंगाळला. उलट हाताला खरखर लागली, तर रंग हवेतच वाळून बसला. चैत्र-वैशाखाच्या दुपारी, वाऱ्यात, हेच होतं. डबा वीस-पंचवीस सेंटिमीटर लांब धरावा. फवारा वस्तूच्या बाहेर सुरू करून पलीकडे बाहेरच सोडावा. पहिला हात इतका हलका असावा की खालचं प्लास्टिक दिसत राहावं. माझ्या मते घाईनं जेवढी कामं बिघडतात तेवढी कशानंच बिघडत नाहीत. दुसरा हात कधी द्यायचा ते डब्यावर छापलेलं असतं. ती वेळ चुकली तर खालचा अर्धवट थर वरच्या थिनरनं फुगतो आणि सुरकुत्या पडतात.

आषाढ-श्रावणात हे काम नकोच. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि काळा रंग धुरकट होतो. दिवाळीनंतर, दव उडाल्यावर, सकाळी दहाच्या सुमारास सावलीत काम काढा. आजूबाजूला सोयाबीन किंवा तुरीची रास चालू असेल तर तो दिवस सोडा. भुसा ओल्या रंगावर बसला की निघत नाही. अंगणात आधी पाण्याचा सडा टाका म्हणजे धूळ बसेल.

आणि डबा उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका. आत पेट घेणारा वायू असतो. चूल, बिडी लांब ठेवा, तोंडाला चांगला मास्क बांधा, लेकरांना जवळ येऊ देऊ नका.

पहिल्यांदा करत असाल तर आरशाचं एखादं जुनं कव्हर घ्या. रंग चांगला वाळू द्या, आठवडाभर. मग त्यावर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. पट्टी कोरी निघाली, की बंपरला हात घाला.