उसन्या आवाजाचा धनी

मूकपटांच्या काळात पडद्यावरील नायिकेचा आवाज प्रेक्षकांनी आपापल्या मनाने कल्पावयाचा असे. ऑक्टोबर १९२७ मध्ये 'द जॅझ सिंगर' प्रदर्शित झाला आणि हॉलिवुडमधील ही सोय संपुष्टात येऊ लागली. केवळ रूपावर राज्य करणाऱ्या नटनट्यांना आता तोंड उघडणे भाग पडले. त्या धांदलीवर १९५२ साली मेट्रो-गोल्डविन-मेयर या संस्थेने एक संगीतपट काढला. त्याचे नाव 'सिंगिन् इन द रेन'.

या चित्रपटाचा जन्म काहीसा उफराटा आहे. निर्माता आर्थर फ्रीड हा मूळचा गीतकार. संगीतकार नॅसिओ हर्ब ब्राऊन याच्या साथीने त्याने रचलेली जुनी गाणी हाताशी होती. ती गुंफण्यापुरती कथा हवी होती. बेटी कॉम्डेन आणि अॅडॉल्फ ग्रीन या लेखकद्वयाने गाणी ज्या काळची, त्याच काळात कथा नेऊन बसविली. शीर्षकगीतसुद्धा १९२९ च्या एका बोलपटात येऊन गेलेले होते. आधी तोरण बांधले आणि मग घर उभारले, असाच हा प्रकार! तरीही घर ओढूनताणून उभे केल्यासारखे वाटत नाही.

पावसातील नृत्य सर्वांनाच ठाऊक असते. प्रेयसीला घरी पोहोचवून निघालेला नायक गाडी परत पाठवितो, छत्री मिटतो आणि भर पावसात रस्त्यावर नाचू लागतो. जीन केली हा चित्रपटाचा नायक, आणि स्टॅन्ले डॉनेनसह दिग्दर्शकही. या चित्रणाच्या वेळी त्याच्या अंगात चांगलाच ताप होता. पडद्यावर त्याची पुसटशी खूणही नाही. मोठ्या माणसाने मुलासारखे डबक्यात थयथय नाचावे आणि पोलिसाने रोखून पाहताच ओशाळून थांबावे, एवढाच हा प्रसंग. जाताना तो छत्री वाटेवरच्या एका अनोळखी माणसाला देऊन टाकतो.

परंतु कथेचा कणा आहे तो आवाज. मूकपटांची सम्राज्ञी लीना लॅमाँट हिचा आवाज कर्णकटू. ध्वनिग्राहक झुडपात लपविला, तर ती मान वळविताच शब्द हरवतात. तिच्या वस्त्रात दडविला, तर हृदयाची धडधडच ऐकू येते. पुढे चाचणीच्या खेळात ध्वनी आणि चित्र यांचा मेळ सुटतो. खलनायकाच्या तोंडून नायिकेचा नकार आणि नायिकेच्या तोंडून खलनायकाचा होकार ऐकून प्रेक्षक हसून बेजार होतात. जीन हेगनने रंगविलेली ही लीना विसरणे कठीण. उत्तरार्धातील लांबलचक ब्रॉडवे-नृत्य देखणे आहे खरे, पण तेवढा वेळ लीना दृष्टीआड होते आणि कथा खोळंबते.

मग कॅथी नावाच्या नवोदित मुलीचा आवाज लीनाच्या ओठांवर चढविला जातो. शेवटी लीना रंगमंचावर ओठ हलवीत असता मागचा पडदा वर ओढला जातो आणि गाणारी कॅथी उघडी पडते. ती लाजून प्रेक्षागृहातून पळत सुटते, तेव्हा नायक ओरडून सर्वांना सांगतो की, तुम्हांला आवडलेला आवाज या मुलीचा आहे.

या न्यायाला एक खोच आहे. कॅथीची भूमिका करणाऱ्या एकोणीस वर्षांच्या डेबी रेनॉल्ड्सचा 'वुड यू' या गाण्यातील आवाज तिचा स्वतःचा नव्हता. तो बेटी नॉइज या गायिकेचा होता. कॅथी लीनासाठी जे संवाद बोलते, ते तर खुद्द हेगननेच आपल्या नैसर्गिक आवाजात म्हटले होते. आवाजाच्या खऱ्या धनिणीला न्याय देणाऱ्या या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत नॉइजचे नाव नाही.

पार्श्वगायनाला सरावलेल्या मराठी रसिकाला हे परके वाटू नये. १९४९ च्या 'महल' या हिंदी चित्रपटातील गाजलेल्या गाण्याची ध्वनिमुद्रिका प्रथम निघाली, तेव्हा तिच्यावर गायिका म्हणून 'कामिनी' हे नाव छापलेले होते. कामिनी हे पडद्यावरील पात्र. आवाज होता इंदूरला जन्मलेल्या वीस वर्षांच्या लता मंगेशकरांचा.