मेळाव्यातील फळा



शिरूर-दौंडकडील आपल्या काही घरांत बहिरी मुले आहेत. त्यांस आपण सर्रास ‘मुकी’ म्हणतो, ते यथार्थ नव्हे. पुष्कळांस वाचा असते. परंतु स्वतःचा शब्द कानी पडत नसल्याने उच्चार ओबडधोबड होतो आणि ऐकणारे हसतात. शिरूरचा एक तरुण याच कारणास्तव बोलत नाही. दौंड जंक्शनच्या खिडकीत तो ‘मनमाड, एक’ अशी चिठ्ठी सरकवितो. तिकीट मिळते! गतवर्षीच्या वधूवर मेळाव्यात मात्र ‘तोंडाने नाव सांग’ असा त्यास आग्रह झाला, तेव्हा तो व्यासपीठावरून उतरून गेला. कित्येकांनी त्यास हट्टी ठरविले. आम्हांस तो स्वाभिमानी वाटला.

हा आग्रह जुना आहे. बधिरांस खुणा सोडवून केवळ तोंडी पद्धतीने शिकवावे, असा ठराव १८८० साली मिलान येथील परिषदेने केला. प्रतिनिधी जवळजवळ सारे ऐकू येणारे! १३० वर्षांनी, २०१० साली, व्हँकुव्हरच्या परिषदेने तो ठराव झिडकारून खेद प्रकट केला. आपल्याकडील २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात संवादाच्या साधनांमध्ये खुणा व लिखित मजकूर यांचा समावेश आहे. दिल्लीच्या सांकेतिक भाषा संस्थेच्या कोशात २०२१ पर्यंत १०,००० शब्द झाले. तिला पोरखेळ कोण म्हणेल?

यंदाच्या मेळाव्यात व्यासपीठावर एक फळा असावा, अशी आमची सूचना आहे. ज्यास लिहावयाचे त्याने लिहावे, खुणा करणाऱ्याजवळ त्याचा जाणकार आप्त उभा राहावा. फळा व खडू आम्ही आणू.